बेडकाची लढाई

माणसांना अजून लढाया करता येत नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. सिंहमहाराजांनी तळ्यातल्या मगरींवर हल्ला केला, तोही पाण्यात शिरून. निम्मं सैन्य बुडालं. उरलेले प्राणी विचारू लागले, "हे कुणामुळे झालं?"

सेनापती रानडुकराने हल्ल्याची आरोळी देणाऱ्या बेडकाला पुढे ढकललं. "याच्यामुळे! हा भलत्याच वेळी ओरडला. सोडा याला उन्हातल्या माळावर."

त्या माळावर बेडूक संध्याकाळही पाहू शकला नसता.

"सगळं माझ्यामुळेच?" त्याने विचारलं.

"सगळं!" महाराज गरजले.

"बाप रे! म्हणजे एवढं सैन्य माझ्या शब्दावर चालत होतं? मग महाराज, तुम्ही काय आमच्याबरोबर फिरायला आला होतात?"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. महाराजांची आयाळ ताठ झाली. "मूर्खा, सैन्य माझ्या हुकमावर चालतं! पाण्यात शिरा, असं मीच सांगितलं होतं. तू नुसता ओरडलास!"

हसू थांबलं. पाडस गमावलेली हरणी उठून महाराजांसमोर उभी राहिली. सेनापती हळूच महाराजांच्या शेजारून सरकला, गर्दीत जाऊन बसला आणि सगळ्यांबरोबर त्यांच्याकडे रागाने बघू लागला.