मोऱ्यांसाठी एकशे एक मोर

एका गावात एक भोळा मामा होता. तसे गावात मामा पुष्कळ होते, पण भोळा हा एकच. म्हणून भाची वैजूचा तो मामा आणि गावाचाही मामाच. नाव श्रीपती, गाव हिंगणवाडी. मामा कामाला कधी मागे नसायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. हीच सगळी अडचण होती.

त्याच्या बहिणीचं नाव हौसाअक्का. अक्काच्या वैजूचं लग्न ठरलं. मुलगा मोऱ्यांचा, स्वभावानं गरीब. मोऱ्यांच्या घरात बोलणारं तोंड एकच होतं, ते मुलाच्या आत्याचं. बायजाआत्यांनी आजवर बावीस लग्नांतली रुखवतं पाहिली होती आणि बावीस रुखवतांत खोट काढली होती. एकीच्या रुखवतातला एक लाडू फुटका निघाला. तिला आत्या अकरा वर्षं ‘फुटक्या लाडवाची’ अशीच हाक मारत होत्या.

लग्नाला तीन दिवस राहिले आणि आत्यांचा निरोप आला. ‘आम्ही मोरे. रुखवतात मोराची बिस्किटं पाहिजेत. रंगीत पाहिजेत. एकशे एक पाहिजेत.’

वैजू रडकुंडीला आली. “मामा, एक जरी मोर मोडका निघाला तर जन्मभर माझं नाव ‘मोडक्या मोराची’ पडेल.”

मामा म्हणाला, “पडू दे की. लग्नात मुलीचं नाव बदलतातच.”

वैजूनं कपाळावर हात मारला.

गावात हमीदचाचांची भट्टी होती. मैदा, तूप, साखर आपण न्यायची, बिस्किटं चाचा भाजून द्यायचे. पण चाचांकडे साचे दोनच होते. एक गोल आणि एक चांदणीचा. मोराचा साचा तालुक्यालाही मिळेना.

अक्का म्हणाली, “नसला तर नसू दे. साच्यावाचून काय अडतंय?”

वैजूनं बांगड्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोर काढला. मान, चोच, तुरा, पसरलेला पिसारा. कात्रीनं कापून मामाच्या हातात दिला. अक्कानं मामाला समोर बसवलं.

“हे बघ. हा पुठ्ठा पोळीवर ठेवायचा. सुरीनं कडेकडेनं कापायचं. पुठ्ठा उचलला की झाला मोर. कळलं?”

“कळलं,” मामा म्हणाला.

अक्का पाहुण्यांना पाणी द्यायला गेली. परत आली तोवर मामा पाट मांडून बसला होता. पुढ्यात दुपारच्या जेवणाचा डबा. डब्यात पोळ्या होत्या एकवीस. आता मोर होते एकवीस. बाजूला कडांचा ढीग.

तेवढ्यात वैजूचे वडील, म्हणजे दाजी, जेवायला बसले. त्यांनी एक मोर उचलला, पुन्हा ताटात ठेवला.

“अगं, ही पोळी माझ्याकडे बघतेय.”

“मान आधी आमटीत बुडवा, दाजी,” मामा म्हणाला. “मग नाही बघायची.”

अक्का ओरडली, “अरे श्रीपती, पोळी म्हणजे बिस्किटाच्या पिठाची लाटलेली पोळी! भाजलेली नव्हे! कच्चं असतं तेव्हाच कापायचं असतं. ध्यानात ठेव.”

“कच्चं असेल ते कापायचं. ठेवलं ध्यानात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजूला हळद लागली. हळद लागलेल्या मुलीनं उंबरा ओलांडायचा नसतो. अक्काला पाहुणे, दाजींना मांडव. उरला मामा. अक्कानं त्याच्या हातात एक कागद दिला.

“बिस्किटांच्या सामानाची ही कच्ची यादी आहे. वाण्याला दाखव. काही राहिलं असलं तर तो सांगेल.”

मामा वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला. खिशातून पुठ्ठा काढला, सुरी काढली. पुठ्ठा यादीवर ठेवला आणि कडेकडेनं कापलं. मग आत जाऊन कागदाचा मोर वाण्यापुढे धरला.

“मामा, यादी कुठंय?”

“ही काय. कच्ची होती, म्हणून कापली.”

वाण्यानं चष्मा लावला. “पोटात मैदा दिसतोय. पिसाऱ्यात तूप आहे. मानेत अर्धी वेलची. साखर कुठंय?”

“साखर मोराबाहेर राहिली.”

“मग देऊ नको म्हणतोस?”

“मोरात नाही तर कशी देणार?” मामा म्हणाला.

मामा मैदा, तूप आणि वेलची घेऊन घरी आला. अक्का म्हणाली, “आणि साखर? साखर नको का रे बिस्किटाला? लिहिलेल्या गोष्टीला सुरी लावतात का कुणी? पुन्हा लिहिलेल्याला सुरी लावलीस तर बघ!”

“लिहिलेल्याला सुरी नाही,” मामा म्हणाला आणि साखर आणायला परत गेला.

भट्टीवर लगीनसराईची गर्दी होती. सात घरांची पिठं मळून ठेवलेली. अदलाबदल नको म्हणून चाचा प्रत्येक गोळ्यावर बोटानं नाव लिहीत होते. मामाचा गोळा मळून झाला, चाचांनी त्यावर ‘वैजू’ लिहिलं आणि म्हणाले, “श्रीपतीभाऊ, जरा थापून घ्या आणि करा सुरुवात कापायला. मी पुढची भट्टी बघतो.”

चाचा परत आले. गोळा थापलेला, नाव तसंच, मामा हाताची घडी घालून उभा.

“कापत का नाही?”

“लिहिलेलं आहे.”

“ते ओळखण्यासाठी लिहिलंय.”

“कशाहीसाठी असो. अक्कानं सांगितलंय.”

चाचांनी मामाकडे पाहिलं. वैजूच्या नावाकडे पाहिलं. मग लाटणं घेतलं आणि नावावरून फिरवलं.

“आता?”

“आता कोरं झालं,” मामा म्हणाला आणि कापायला बसला.

खरं सांगायचं तर कापलं त्यानं सुरेख. पुठ्ठा ठेवायचा, कडेनं सुरी फिरवायची, उलथन्यानं अलगद उचलायचं. चोच नाही तुटली, तुरा नाही वाकला. पण पहिले तीन मोर भाजून निघाले आणि ट्रेला चिकटून बसले. काढायला गेलं तर माना तुटल्या.

मामाचा चेहरा उतरला. “चाचा, वैजूचं नाव पडणार.”

“काही पडत नाही. पीठ भरपूर आहे. जे चिकटेल अशी भीती असते ना, त्याला आधी तूप लावायचं. चांगलं हात फिरवून.”

“चिकटेल त्याला तूप,” मामा म्हणाला.

ट्रेला तूप लागलं. मोर निघाले. संध्याकाळपर्यंत एकशे एक मोर डब्यांत कागद घालून रचले गेले. मामानं ते तीनदा मोजले. तिन्ही वेळा एकशे एकच भरले.

तो घरी पोचला तेव्हा मोऱ्यांचं वऱ्हाड नुकतंच गावात उतरलं होतं. अक्का स्वयंपाकघरात घाम पुसत होती.

“श्रीपती, बायजाआत्या यायच्यात. त्यांना सोप्यातली ती मोठी खुर्ची दे. पण बाई बसल्या की चिकटून बसतात रे! उठायचं नाव घेत नाहीत. मला हातातलं काम सुचायचं नाही.”

मामा म्हणाला, “चिकटायच्या नाहीत. तू काळजी करू नकोस.”

आणि तुपाचा डबा घेऊन तो सोप्यात गेला.

बायजाआत्या आल्या. जाडजूड, खणाची चोळी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. खुर्चीत बसल्या. बसल्या तशाच पुढे आल्या आणि सुर्रकन जमिनीवर उतरल्या.

सगळे धावले. आत्यांना उठवून पुन्हा बसवलं. त्या पुन्हा सुर्रकन खाली.

मामा खूष होऊन म्हणाला, “बघ अक्का, अजिबात चिकटत नाहीत!”

तिसऱ्यांदा आत्या बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, “उद्या सकाळी रुखवत बघायला येते मी. मोर एकशे एकच हवेत. मोडका एक जरी दिसला, तर तुमच्या मुलीला मी काय हाक मारीन ते तुम्हाला ठाऊक आहे.”

आत दाराआड वैजूनं डोळ्याला पदर लावला.

सकाळी मोर रंगवायला बसायचं होतं. चाचा स्वतः घरी आले. पिठीसाखर, दुधाचे चार थेंब आणि रंग. निळा मानेला, हिरवा पिसाऱ्याला. वैजूनं मेंदीच्या कोनासारखे कागदाचे कोन वळले. आधी कडेनं बारीक रेघ ओढायची, मग मध्ये रंग भरायचा.

मामानं स्वतःच्या कोनात स्वतःच साखर कालवून भरली. कोन दाबला. काही येईना. जोरात दाबला. कोन फुटला आणि हिरवा रंग मामाच्या बंडीवर आला.

चाचा हसले. “भाऊ, भोक केवढं, त्यात साखरेचे खडे केवढे! बारीक जागेत काही भरायचं असलं की ते आधी कुटायचं, मग फडक्यातून गाळायचं. वस्त्रगाळ झालं की हवं तिथं भरतं.”

“आधी कुटायचं, गाळायचं, मग भरायचं,” मामा म्हणाला.

नऊ वाजेपर्यंत मोर तयार झाले. निळ्या मानेचे, हिरव्या पिसाऱ्याचे, प्रत्येकाला काळा टपोरा डोळा. मांडवातल्या मेजावर मोठ्या परातीत मांडले. परातीपुढे वैजूनं चिठ्ठी लावली, ‘एकशे एक मोर’. अक्का बघतच राहिली. वैजू दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. चाचा हात धुऊन भट्टीवर गेले.

अक्का वैजूला शालू नेसवायला आत निघाली. जाताजाता वळली.

“श्रीपती, इथंच थांब. कुणाला हात लावू देऊ नकोस. आता एकच इच्छा आहे बघ. हे मोर आत्यांच्या डोळ्यात भरले पाहिजेत. तोंड भरलं पाहिजे त्यांचं कौतुकानं!”

“आत्यांच्या डोळ्यात?” मामानं विचारलं.

“हो, डोळ्यात,” अक्का म्हणाली आणि आत गेली.

मामा परातीसमोर उभा राहिला. त्यानं एक मोर उचलला. आपल्या डोळ्यापुढे धरून पाहिला. उभा धरला, आडवा धरला, चोचीकडून धरला. मग मान हलवली. मोर केवढा, डोळा केवढा!

आत अक्का वैजूच्या निऱ्या करत होती. बाहेरून आवाज यायला लागला. धप, धप, धप.

“काय गं हे?” अक्कानं विचारलं.

“मसाला कुटत असतील आचारी,” वैजू म्हणाली.

धप, धप बराच वेळ चाललं. मग थांबलं. मग कुणीतरी फडकं झटकल्याचा आवाज आला.

इतक्यात मांडवात गडबड उडाली. बायजाआत्या आल्या, मागे मोऱ्यांच्या पाच बायका. आत्यांनी लाडू पाहिले. करंज्या पाहिल्या. मग परातीपाशी आल्या. चिठ्ठी होती. परात रिकामी होती. शेजारी मामा उभा, अंगभर हिरवी-निळी पूड, हातात कागदाचा एक भलामोठा कोन.

“मोर कुठं आहेत?”

“या कोनात आहेत.”

“एकशे एक?”

“मोजून कुटलेत,” मामा म्हणाला. “मोडका म्हणून एक राहिला नाही. सगळे वस्त्रगाळ.”

आत्यांचे डोळे मोठे झाले.

“हां, असेच ठेवा,” मामा म्हणाला आणि कोन पुढे धरला. “आधी उजवा भरू का डावा?”

आत्यांनी दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले. मामा एका बाजूनं वाकून बघायचा, दुसऱ्या बाजूनं वाकून बघायचा. बोटांमध्ये फट म्हणून सापडेना. आवाज ऐकून अक्का आणि अर्धा शालू नेसलेली वैजू दारात येऊन उभ्या राहिल्या.

मामा रडवेला झाला. “अक्का, या डोळ्यात भरूच देत नाहीत गं!”

झाकल्या डोळ्यांनीच आत्यांनी वैजूचं नवं नाव जाहीर करायला तोंड उघडलं. चांगलं मोठं उघडलं.

“अगं मोडक्या…”

मामानं ते उघडलेलं तोंड पाहिलं. अक्कानं सांगितलेलं दुसरं काम त्याला आठवलं. त्यानं कोनाचं टोक तोडलं आणि एकशे एक मोर एकदम आत सोडले.

आत्यांचे गाल फुगले. डोळ्यांवरचे हात खाली आले. तूप, साखर, वेलची. गिळवेना आणि थुंकवेना. मोऱ्यांच्या पाच बायकांनी तोंडाला पदर लावले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वैजूचं नाव जिथं अडकलं होतं तिथंच अडकून राहिलं, कारण नाव ठेवायलाही तोंड मोकळं लागतं.

मामानं रिकामा कोन खाली ठेवला. हात झटकले. आत्यांपुढे नम्रपणे हात जोडले.

“तोंड भरलंय, आत्याबाई,” तो म्हणाला. “आता करा कौतुक.”