पेटी का पिशवी?

"पेटी घेऊ का पिशवी, बुवा?"

हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. इंजिन नीट थंडही झालं नव्हतं, तोवर अभिनंदन मगदूमचं विचारून झालं.

केशवपुरी बुवा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हे गोसावी एके काळी मोटारसायकलवरून मुलूखभर हिंडलेले. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आजरा गावाच्या वर या मठात टेकलेले. तरणी पोरं इथं देवाच्या नावानं येत आणि गाडी शिकून जात. अभीही तसाच शिकला होता.

"बस. पाणी पी."

"पाणी नंतर, बुवा! पहाटे निघतोय. हिमालयात, स्पितीला! एकटा!"

"आई?"

"आई म्हणाली, बुवा जा म्हणाले तर जा, नाहीतर किल्ली इकडं दे. आणि दुकानदार म्हणाला, दोन्ही लावून बघ, पण दुकान बंद व्हायच्या आत एक परत आण. म्हणून दोन्ही लावूनच आलोय!"

खरंच दोन्ही लावलं होतं. उजवीकडं ॲल्युमिनियमची पेटी, डावीकडं जाड कापडाची पिशवी. मागं आणखी एक डबा, टाकीवर एक बॅग. हा गडी फिरायला निघालाय का बिऱ्हाड हलवायला, असं कुणालाही वाटलं असतं. अभीला वाटलं नव्हतं. आनंदात असलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत, आणि न पडलेलेच बरे.

"पेटीला कुलूप आहे, बुवा, पण ती जड. पिशवी हलकी, पण कुणी ब्लेड मारलं तर? पेटी रुंद, अरुंद वाटेत अडकायची. पिशवी सायलेन्सरला टेकली तर जळायची, म्हणून ती डावीकडं लावली. निम्मे मित्र पेटी म्हणतात, निम्मे पिशवी. माझी झोप उडालीय!"

बुवांनी शेंग फोडली.

"भरलंय काय?"

"तंबू, स्टोव्ह, घडीची खुर्ची, हवेचा पंप, सगळी हत्यारं, तीन जाकिटं, ड्रोन... आणि आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या."

"आणि गाडी पडली तर?"

अभी हसला.

"मी पाडतच नाही, बुवा. शिकल्यापासून एकदाही गाडी आडवी झालेली नाही. तुम्हाला ठाऊक आहे की."

बुवांना ठाऊक होतं. अभीच्या साऱ्या गावाला, इचलकरंजीला ठाऊक होतं. अभी सांगायचं कुणाला बाकी ठेवत नसे.

बुवा उठले. धोतरावरची फोलपटं झटकली. गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. सीटला तळहात लावला...

आणि ढकलली.

गाडी धाडकन उजवीकडं आडवी झाली. पेटी खाली, गाडी पेटीवर.

अभीनं हेल्मेट काढून ओट्यावर टाकलं.

"उचल," बुवा म्हणाले.

त्यानं हँडल धरलं आणि ओढलं. तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा फुगल्या. गाडी तसूभर हलली नाही.

आवाज ऐकून मठात स्वयंपाक करणाऱ्या कृष्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं बाई! थांब लेकरा, मी धरते."

बुवांनी हात आडवा केला.

"स्पितीत कृष्णाबाई नसत्यात."

अभीनं दातओठ खात मागचा डबा सोडवला. वर आलेली पिशवी सोडवली. टाकीवरची बॅग काढली. पुन्हा ओढलं. गाडी थोडी उठल्यासारखी झाली आणि परत बसली. जड ते सगळं पेटीत होतं, आणि पेटीचं झाकण उघडायचं बाहेरच्या बाजूला. ती बाजू आता मातीत होती.

"पेटी उघडत नाही, बुवा."

"हं."

"गाडी उचलल्याशिवाय पेटी उघडणार नाही. आणि पेटी रिकामी केल्याशिवाय गाडी उचलवत नाही..."

बुवांनी दोन दाणे तोंडात टाकले.

अभीला लाज वाटली. मग रागच आला. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

"सरळ सांगा ना, जाऊ नको म्हणून! नवीकोरी गाडी पाडायची कशाला?"

"तोंड फिरव."

"काय?"

"गाडीकडं बघू नको. पाठ लाव. गुडघ्यात बस."

अभीनं गाडीकडं पाठ केली आणि सीटच्या कडेला टेकून खाली बसला. एक हात हँडलला, एक हात मागच्या दांडीला. मग टाचा मातीत रोवून तो मागं मागं सरकू लागला. गाडी कुरकुरली... सुटली... आणि त्याच्या पाठीच्या रेट्यानं अशी उठली, की पलीकडं स्टँडवर टेकली तेव्हा त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"उठली! बुवा, उठली!"

कृष्णाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणी न सांगता अभीनं पेटी उघडली. खुर्ची बाहेर आली. ड्रोन बाहेर आला. दोन जाकिटं गेली. पंपाकडं बघून तो जरा थांबला, आणि पंप परत आत ठेवला. पोळ्यांचा डबा त्यानं कृष्णाबाईंच्या हातात दिला. त्यातल्या दोन पोळ्या बुवांनी उचलल्या. मागचा डबा आणि टाकीवरची बॅग ओट्यावरच ठेवून उरलेलं सामान पेटीत आणि परत अडकवलेल्या पिशवीत भरलं, तर दोन्ही अर्धी रिकामीच राहिली.

अभी कमरेवर हात ठेवून गाडीकडं बघत राहिला...

त्यानं हँडल धरून पायानं स्टँड वर घेतला. आणि हात सोडले.

गाडी डावीकडं पिशवीवर आडवी झाली. कृष्णाबाई ओरडल्या. बुवांचा पोळीचा घास हातातच राहिला.

अभी हसत होता. त्यानं तोंड फिरवलं, पाठ लावली, टाचा रोवल्या. गाडी उठली. पायानंच स्टँड लावून तो घामेजलेल्या तोंडानं वळला. हँडलच्या टोकाला लांबलचक ओरखडा पडला होता. नव्या गाडीवरचा पहिला. त्यावरून बोट फिरवताना त्याला हसू आवरेना.

"परत पाडू का, बुवा?"

"पुरे."

अभीनं हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली, आणि एकदम कपाळावर हात मारायला गेला तो हेल्मेटवर बसला.

"अहो बुवा! ते राहिलंच की! दुकानदाराला परत काय देऊ? पेटी का पिशवी?"

"काय बी दे," बुवा म्हणाले. "आईला मात्र सांग, बुवा जा म्हणाले. पोरगा पडायला मोकळा झाला."