सहा आकडे

“…आणि चोर आपल्याच ऑफिसात बसलेला असेल तर, आक्का?”

मुरलीधर बेलसरेनं आवाज खाली आणला. मठाच्या ओसरीवर दोघांखेरीज कुणी नव्हतं, तरी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

आक्का भिक्षेतले तांदूळ निवडत होत्या. “कोण?”

“ढोलेबाई.”

वरुडजवळ मुरलीधरची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. पंधरा दिवसांपूर्वी धंद्याचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातून गेलं. त्याच्या नावानं दुसराच कुणी कलमांचं बुकिंग घेत होता. शेतकरी टेम्पो घेऊन फाटकाशी यायचे, मोबाइलवर पैसे भरल्याची पावती दाखवायचे आणि शिव्या देऊन परतायचे.

त्यानं पोलिसांत तक्रार दिली. ऑर्डरी पाहणाऱ्या, अकरा वर्षं टिकलेल्या ढोलेबाईंना त्याच दिवशी घरी बसवलं.

“पुरावा?”

“दोन महिने मागं लागली होती. व्हॉट्सअ‍ॅपला दुसरं कुलूप लावा, मेसेजात आलेला आकडा कुणाला सांगू नका… चोराखेरीज कुणाला एवढं ठाऊक असतं?”

आक्कांनी एक खडा बाजूला टाकला.

“रडलीसुद्धा नाही, आक्का. मुकाट्यानं चाव्या ठेवल्या अन् गेली. निर्दोष माणूस असा जातो का?”

आक्का काही बोलणार, तोच फोन वाजला.

“हो सर… बेलसरेच बोलतो.” तो उठून उभा राहिला. शर्ट खाली ओढला. फोनवर हात धरून आक्कांना म्हणाला, “सायबर शाखेचे साहेब! खातं परत चालू करून देतात.”

मेसेज आला.

“घ्या सर. चार… नऊ… शून्य…”

आक्का उठल्या. त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि सुपातल्या तांदळात पालथा घातला.

“आक्का! मोठे साहेब आहेत!”

“नाव काय त्यांचं?”

“…विचारलं नाही.”

तांदळातून आवाज येत राहिला. हॅलो… पुढचे आकडे सांगा… हॅलो…

मग बंद झाला.

मुरलीधरनं फोन उचलला. खिशातून तक्रारीची प्रत काढून तिच्यावरचा सायबर शाखेचा नंबर लावला.

“आमच्याकडून कुणी फोन केलेला नाही,” पलीकडून उत्तर आलं. “आकडा सांगितलात का?”

“तीन,” तो म्हणाला. “तीनच.”

त्यानं तक्रारीची प्रत पुन्हा घडी केली. पंधरा दिवसांपूर्वीही असाच भारदस्त आवाज होता. त्या वेळी तो व्हॉट्सअ‍ॅप कंपनीचा साहेब होता, आणि मुरलीधरनं सहाही आकडे सांगितले होते. पलीकडच्या टेबलावरून ढोलेबाई ‘नको, नको’ अशी मान हलवत होत्या. त्यानं त्यांच्याकडे पाठ केली होती.

हे तो पोलिसांना बोलला नव्हता. स्वतःशीही नव्हता.



“आता कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “बाहेरच्यावर नाही, घरातल्यावर नाही.” मग आक्कांकडे पाहिलं. हातातल्या फोनकडे पाहिलं. “पण धंदा तर चालवायचाय. आक्का, राखणीला बसवू तरी कुणाला?”

आक्कांनी सूप पुढं ओढलं.

“जिला चोर म्हणालास, तिला.”