इंदूच्या नळाचं पाणी

"मग तांब्याचा घालू की प्लॅस्टिकचा? तुम्ही सांगाल तो घालतो, बाबा."

रमाकांत शेडबाळ्यांनी पिशवीतून नव्या पाइपांचे तुकडे काढून मठाच्या ओट्यावर ओळीने मांडले. मठात पोथी तेच वाचत. उच्चार स्वच्छ, आवाज खणखणीत, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. घरात साधा खिळा घ्यायचा तरी ते दहा ठिकाणी चौकशी करीत.

मठातल्या केदारबाबांनी नव्या तुकड्यांना हात लावला नाही. पिशवीच्या तळाशी मागे दुरुस्तीत काढलेला जुन्या लोखंडी पाइपाचा एक तुकडा राहिला होता. तो उचलून त्यांनी डोळ्याला लावला.

गंजाने तो आतून पार बुजला होता. पलीकडचं काही दिसेना.

"हा कुठून कुठे जातो?"

"टाकीपासून आमच्या स्वयंपाकघरात. पुढे मागच्या दोन खोल्यांत."

"तिथे कोण असतं?"

"इंदू. आमच्या मुकुंदाची बायको."

मुकुंदा धाकटा भाऊ. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"नवा पाइप तिच्यापर्यंत जाणार?"

रमाकांतांनी मांडलेले तुकडे उगाच सारखे केले.

"नाही. आमच्यापुरताच घालतोय. जुनी लाइन बंद करायची."

"मग ती पाणी कुठून भरणार?"

"अंगणात नळ आहे की."

"तिचे गुडघे दुखतात ना?"

"दुखतात..." रमाकांत ओट्याकडे बघत म्हणाले. "पण तिने हट्ट सोडावा ना, बाबा. तिचा भाऊ पुण्याला घेऊन जायला तयार आहे, तर खोल्या सोडत नाही. हिस्सा आहे म्हणते."

बाबांनी आपला लोटा पुढे केला.

"तिच्या नळाचं पाणी आण. ते पितो, मग सांगतो."

रमाकांत घरी गेले. मागच्या बाजूला वळले.

दार उघडंच होतं. इंदू नळाखाली घागर लावून बसली होती. तोटीवर फडकं बांधलेलं. ते विटकरी झालं होतं. घागरीत पाण्याची बारीक धार पडत होती.

चाहूल लागून तिने वर पाहिलं. घाईघाईने पदर सारखा केला.

"भाऊजी... या ना. काही हवंय का?"

मुकुंदाचे दिवस झाल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. तिच्या नजरेत भीती होती, आणि थोडी आशाही. ती आशा त्यांना सोसली नाही.

"काही नाही. असाच आलो होतो."

ते पुढच्या दाराने आपल्या स्वयंपाकघरात आले. फिल्टरखाली लोटा धरला, भरला आणि मठात परतले.

बाबांनी लोटा उन्हात धरला. पाणी तळापर्यंत नितळ होतं.

"इंदूच्या नळाचं?"

"हो."

"तिने भरून दिलं?"

"...हो. तिनेच."

बाबांनी लोटा तोंडाला लावला आणि ते सावकाश सगळं पाणी प्यायले. मिशी पुसली.

"गोड आहे."

रमाकांतांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तांब्याचा तुकडा हातात घेतला.

"मग हाच घालू?"

"घाल. आणि उद्यापासून मी इंदूच्या नळाचंच पाणी पिणार. रोज तूच आणायचंस."

रमाकांतांच्या हातातला तुकडा तसाच राहिला.

"पण बाबा... तो नळ तर आता बंद होणार."

बाबांनी रिकामा लोटा त्यांच्यासमोर ठेवला.

"त्याने काय अडतं? आजचं तरी त्या नळाचं कुठे होतं?"