मामाची मांडी

ऊसतोडीच्या तळावरची आमची पाचटाची कोपी आठवली, की आधी सोजरकाकू आठवतात. आईबाप फडात गेले, की आम्ही सगळी पोरं त्यांच्याच भरवशावर असायचो.

एका दुपारी जीपमधून कडक इस्त्रीतला एक माणूस उतरला. कानटोपी घातलेल्या लहानग्या परमेश्वरचा हात धरून म्हणाला, "मी याचा सख्खा मामा. शहरात शिकवायला नेतोय. कारखान्यात वरपर्यंत ओळख आहे माझी, आडवं येऊ नका."

काकूंनी त्याला पाणी दिलं. "सख्खे मामा, म्हणजे याचं जावळ तुमच्याच मांडीवर काढलं असेल?"

"मग काय. अख्ख्या गावाला जेवण घातलं होतं," तो ऐटीत म्हणाला.

काकूंनी परमेश्वरची कानटोपी काढली. जन्मापासून कात्री न लागलेले नवसाचे केस त्याच्या खांद्यावर उतरले.

"जेवण उरकलंत, मामा," काकू म्हणाल्या. "जावळ तेवढं राहून गेलं."

ट्रॅक्टरवाल्यांनी तोवर जीप अडवली होती.

उन्हाळ्यात परमेश्वरचं जावळ निघालं. खरा मामा पाटावर बसायला निघाला, तेव्हा बहिणीने त्याला थांबवलं आणि लेकरू सोजरकाकूंच्या मांडीवर दिलं.