गुरुजींनी परत केलेले ताट

एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या मागल्या आळीत, एक वृद्ध गुरुजी राहत असत. मिशनच्या शाळेत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आळीतल्या बहुतेक कर्त्या पुरुषांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळलेले असल्यामुळे, संसारात काही अडले की ही मंडळी आजही त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत.

त्यांच्यापैकीच एक याकोब. सूतगिरणीच्या भांडारात कारकून, पगार बेताचा, आणि वडिलांच्या मागे घरातला थोरला. थोरला म्हणजे नाताळ त्याच्याकडे, आणि नाताळ त्याच्याकडे म्हणजे काका, आत्या, बहीण, मेहुणे, भाचरे या सगळ्यांच्या भेटींची काळजीही त्याच्याकडे. त्यातून या आळीची एक रीत होती. कुणाकडून भेट आली की पुढल्या वर्षी तिच्याहून थोडी भारी भेट परत जायची. बरोबरीची गेली तर मोजूनमापून दिल्यासारखे दिसे आणि हलकी गेली तर बोलायलाच नको. त्यामुळे रुमालापासून सुरू झालेली देवघेव काही वर्षांत शर्टाच्या कापडावर आणि तिथून भिंतीवरच्या घड्याळावर पोचलेली असे. कुणालाच ती परवडत नव्हती. आधी थांबायचे कुणी, एवढाच प्रश्न होता.

त्या वर्षी डिसेंबर लागताच याकोब गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला.

"गुरुजी, यंदा भेटींचं गणित काही केल्या बसत नाही," तो म्हणाला. "भिशी लागलीय, पण ते पैसे छताचे पत्रे बदलायला ठेवलेत. कुमुद म्हणते, त्याला हात लावायचा नाही. आणि सुवार्ताला तर यंदा काहीतरी भक्कम द्यायलाच हवं."

कुमुद ही याकोबची बायको आणि सुवार्ता त्याची धाकटी बहीण, शेजारच्याच गावात दिलेली. तिच्या नवऱ्याला आपला टेम्पो विकावा लागला होता आणि तेव्हापासून तो मिळेल तिथे दुसऱ्याची गाडी रोजाने चालवत होता. गेले दोन नाताळ ती माहेरी आली नव्हती. एकदा मुलाचा ताप आडवा आला, एकदा सासूचे गुडघे. त्याआधीच्या नाताळात याकोबने तिला मिक्सर दिला होता.

"रुसलीय ती," याकोब म्हणाला. "मिक्सर तिच्या मनास आला नसेल. यंदा लोखंडी कपाट पाठवतो, म्हणजे राग जाईल. पत्र्यांचं पुढल्या वर्षी बघता येईल. एकुलती एक बहीण आहे, गुरुजी. तिच्याशिवाय नाताळच्या दिवशी घर खायला उठतं."

गुरुजींनी विचारले, "कुमुदचा फराळ कधी सुरू व्हायचाय?"

"शनिवारी. का हो?"

"पहिलं ताट दरवर्षी माझ्याकडे येतं ना? तेवढं येऊ दे. मग बघू."

याकोब बुचकळ्यात पडला. त्याने विचारले होते पैशांचे आणि उत्तर मिळाले होते करंज्यांचे. पण गुरुजींना उलट विचारण्याची सवय त्याच्या कानांना नव्हती.

शनिवारी करंज्या झाल्या, शंकरपाळी झाली, पीठ-तूप-साखर नेऊन बेकरीच्या भट्टीतून नानकटाई भाजून आणली गेली. विणलेल्या रुमालाखाली झाकून पहिले ताट गुरुजींकडे पोचले. आलेले ताट आपल्याकडे कुणी रिकामे परत करत नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. अगदीच काही नसले तरी चिमूटभर साखर त्यात पडतेच. गुरुजींच्या परसात पेरूचे झाड होते, त्यामुळे त्यांच्याकडून दरवर्षी ताटभर पेरू येत.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपल्यावर गुरुजी स्वतःच ताट घेऊन याकोबच्या घरी आले. ताट हातात घेताच कुमुदला ते हलके लागले. यंदा पेरू नसतील, साखर असेल, असे तिने मनाशी म्हटले. गुरुजींनी करंज्यांचे तोंड भरून कौतुक केले, चहा घेतला, मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली आणि ते निघून गेले. मग कुमुदने रुमाल उचलला. ताट घासलेले होते, पुसलेले होते, लख्ख होते आणि पूर्ण रिकामे होते.

"अहो, जरा इकडे या," तिने हाक मारली.

दोघेही त्या ताटाकडे बघत राहिले.

"विसरले असतील," कुमुद म्हणाली. "वय झालं आता."

"विसरणारा माणूस ताट इतकं पुसून आणत नाही."

"मग सारणातलं खोबरं खवट निघालं असेल." तिने डब्यातली एक करंजी काढून खाल्ली. करंजी उत्तम होती, त्यामुळे कोडे अधिकच वाढले. "तुम्ही काही बोलला होतात का त्यांना? आणि आता नाताळच्या दिवशी त्यांना काय पाठवायचं? पाठवायचं की नाही?"

याकोबला राग आला नव्हता, पण कुतूहलाने त्याला जेवण सुचेना. हात धुऊन तो तडक गुरुजींकडे गेला. गुरुजी ओट्यावर बसून पेरूच्या फोडी करत होते. त्यांनी एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

"पेरू आहेत की तुमच्याकडे," याकोब म्हणाला.

"यंदा झाड लगडलंय."

"मग ताट?"

गुरुजी हसले. "फार जड गेलं रे ते. कोपऱ्यापर्यंत येऊन एकदा मागं फिरलो. म्हटलं, दोन पेरू तरी टाकावेत. एवढा म्हातारा माणूस मी, पण रिकामं ताट घेऊन तुझ्या दारात उभं राहताना गृहपाठ न केलेल्या पोरासारखा घाम फुटला. परसात पेरू असताना माझी ही गत. ज्याच्या घरात ताटात ठेवायला काहीच नसेल, तो काय करत असेल?"

याकोबने विचार केला. "कुणाकडून तरी उसनं आणत असेल."

"आणि उसनंही मिळेनासं झालं तर?"

गुरुजींनी पुढचा पेरू चिरायला घेतला.

"तर तो ताट घ्यायलाच येत नाही," गुरुजी म्हणाले. "कधी मुलाला ताप येतो. कधी सासूचे गुडघे दुखतात."

पेरूची फोड याकोबच्या हातातच राहिली. मिक्सर दिला त्या नाताळात सुवार्ताने स्वतः विणलेले लोकरीचे मोजे आणले होते. खोक्यातून मिक्सर बाहेर निघाला तेव्हा ती मोज्यांची पिशवी पदराआड धरून तशीच उभी राहिली होती, हे त्याला आता आठवले. तिचा उतरलेला चेहरा पाहून, हिला मिक्सर आवडला नाही, असे तो तेव्हा धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तू तुझ्या पगाराचा हिशेब मांडलास, ते योग्यच केलंस," गुरुजी म्हणाले. "पण भेटीचा खर्च दोन घरांत पडतो, बाबा. देणाऱ्याच्या घरात तो एकदा होतो आणि संपतो. घेणाऱ्याच्या घरात तो मुक्कामाला राहतो. सुवार्ता रोज त्या मिक्सरमध्ये चटणी वाटत असेल आणि रोज तिला वाटत असेल, याच्या बदल्यात मी काय नेऊ? आता त्याच्या शेजारी तू कपाट नेऊन उभं करणार. तुझे पत्रे बदलायचे राहतील आणि तिची वाट कायमची बंद होईल. रिकामं ताट नेता येतं, हे कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. म्हटलं, आपण म्हातारे, आपली अब्रू गेली तरी किती जाणार."

"मग तिला काहीच द्यायचं नाही का?"

"आधी तिच्याकडे जे आहे ते माग. मागणाऱ्यासमोर माणूस ताठ उभा राहतो."

पुढल्या रविवारी याकोब एसटीने बहिणीच्या गावी गेला. दार सुवार्तानेच उघडले. तिची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली आणि मग त्याच्या पाठीमागे, कुणी काही उचलून आणत आहे का ते पाहायला. मागे कुणी नव्हते.

"दादा, तू? असाच आलास?"

"असाच. कामाला आलोय. आईसारखे अनारसे आमच्याकडे कुणाला जमत नाहीत. कुमुदचे कढईत पडले की हसतात, पार विरघळून जातात. नाताळच्या आदल्या दिवशी ये आणि तळून दे."

सुवार्ताने दार पुरते उघडले. "आणि येताना काय आणू?" तिने जपून विचारले.

"झारा आण. आमचा मोडलाय."

ती हसली, आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले.

त्या नाताळात सुवार्ता झारा घेऊन आली, नवरा आणि मुलासह आली. चुलीपाशी बसून याकोबने तिला गुरुजींच्या ताटाची हकीकत सांगितली तेव्हा ती इतकी हसली की एक घाणा करपला. भेटी फक्त मुलांना द्यायच्या, हे याकोबने नातेवाइकांना आधीच घरोघरी जाऊन सांगितले होते. काकांनी तोंड वाकडे केले. आत्या मात्र म्हणाल्या, "हे आधी का नाही सुचलं तुला?" जानेवारीत छताचे पत्रे बदलले गेले.

सुवार्ता नाताळ आटोपून निघाली तेव्हा कुमुदने तिच्यासोबत फराळाचे ताट दिले होते, त्याच विणलेल्या रुमालाखाली. महिनाभराने सुवार्ता ते परत करायला आली. या वेळी कुणाला ताप आला नव्हता आणि कुणाचे गुडघेही दुखत नव्हते. "वहिनी, तुमचं ताट," असे म्हणून तिने ते पुढे केले. हातात घेताच कुमुदला ते हलके लागले. रुमाल न उचलताच तिने ताट फळीवर ठेवले, नणंदेला बसायला पाट दिला आणि चहाचे आधण ठेवले.