येसूचं काचेचं कौल

येसू साळणीच्या घरामागे नवी पडवी झाली, माग आत गेला, आणि मग कळलं की तिथे धागाच दिसत नाही. शेजारच्या इनामदारांची भिंत इतकी उंच, की खिडकी असून नसल्यासारखी. शेवटी नवऱ्याने छपरात एक काचेचं कौल बसवलं आणि पडवी उजळली.

इनामदारांना ते खुपलं. त्यांनी येसूला चावडीवर बोलावलं.

“ऊन माझ्या भिंतीवरून येतं, म्हणजे तो उजेड माझा. कौल काढ, नाहीतर माझे गडी फोडतील!”

पंच माना खाली घालून बसले. येसूने पदर सावरला.

“उजेड तुमचा, सरकार. मग भिंतीची सावली कोणाची?”

“ती पण माझीच!”

“ती रोज आमच्या अंगणात पडलेली असते. पापड वाळत नाहीत, दगडांना शेवाळ आलंय. तेवढी उचलून न्या, मी लगेच कौल काढते.”

एका म्हाताऱ्या पंचाला हसू आवरेना. इनामदार “राहू दे ते कौल” असं पुटपुटत उठले.

येसूचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन ती मागावर बसली. पिवळ्या धाग्यांवर ऊन पडलं होतं. ते कोणाचं, हे विचारायला पुन्हा कोणी आलं नाही.